सिद्धेशच्या पेशी जाणत्या झाल्या त्याची गोष्ट

नाही, ते आधी खोड. "आदरणीय वाचकहो" वगैरे काही घालू नकोस, अंतरा. मी काय स्टेजवर उभी आहे का? मी बोलते तसंच लिही. मला लिहायवाचायला येत नाही हे आपल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, मग म्हातारी एवढं शुद्ध कधीपासून बोलायला लागली म्हणून हसतील.

"आजी, थोड़ा धीरे बोलो ना. मराठी टाइप करने में टाइम लगता है."

बरं बाई, हळू बोलते. कुठं होतो आपण? हां, जिन्यावरच्या चपलांपाशी.

तर मंडळानं अंकासाठी आपल्यातल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहून मागितलंय, आणि मला सिद्धेशशिवाय दुसरं कोणी आठवेना. आमच्या निशातगंजच्या घरात वरच्या खोलीत तो भाड्यानं राहतो. सांगलीचा मुलगा. इथं लखनौच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करतोय. तुमच्यातल्या पुष्कळजणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या होत्या, आणि जाताना कुणालाच आपल्या चपला सापडेनात. कारण हा वरून उतरताना सगळ्यांच्या चपला लावून गेला होता. लावून म्हणजे कशा, तर पायरीपायरीवर जोडीजोडीनं, लहान मापाच्या खाली, मोठ्या मापाच्या वर. म्हटलं, "अरे, बायका जिथं काढतात तिथंच शोधतात." तर म्हणतो, "पण आजी, आता किती छान दिसतंय."

असा तो. त्याच्या वडिलांचं, गोपीनाथरावांचं, सांगलीला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. रोज सकाळी शटर वर केलं की एकूण एक भांडं पुसून परत जागेवर मांडायचं, असं ह्याचं सगळं बालपण गेलं. ते हातात बसलंय. भाजीवाल्याकडून टोमॅटो घेईल तर सगळे एका मापाचे. भाजीवाला म्हणतो, "भैयाजी, सब्जी ले रहे हो कि मोती चुन रहे हो?" सकाळची पोळी संध्याकाळी खाणार नाही. दुधाचं पातेलं मी घासून ठेवलेलं असतं, ते हा पुन्हा घासतो. मी म्हणते, "माझ्या हातचं चालत नाही का रे तुला?" तर लाजतो. लाजतो, पण घासतो.

जेवायला तो आमच्यातच असतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, दिवसभर करतोस तरी काय तिथं. म्हणाला, "पेशी वाढवतो, आजी."

"कसल्या पेशी?"

"एनके. नॅचरल किलर."

मी अंतराकडे बघितलं. ही म्हणाली, "मतलब मारने वाले, आजी." मी म्हटलं, अरे देवा, चांगल्या घरचा मुलगा म्हणून ठेवून घेतला आणि हा गुंड पाळतोय.

मग त्यानं समजावून सांगितलं. आपल्या सगळ्यांच्या रक्तात ह्या पेशी असतात म्हणे. पहारेकऱ्यासारख्या हिंडत असतात. एखादी पेशी आतून बिघडली, तिच्यात रोग शिरला, की तिला गाठून संपवतात. कॅन्सरच्या पेशींनासुद्धा. पण त्या जन्मतः तशा नसतात. त्यांना वाढवावं लागतं, शिकवावं लागतं. शरीरात ते आपोआप होतं. सिद्धेशला ते काचेच्या भांड्यात, म्हणजे ते प्लॅस्टिकचं असतं, करून बघायचं होतं. म्हणजे पुढंमागं रक्ताच्या कॅन्सरच्या माणसाला अशा पेशी करून देता येतील.

सुरुवात कशापासून, तर बाळाच्या नाळेतल्या रक्तापासून. आईला विचारून, तिची हरकत नसेल तर घेतात. एरवी ते टाकूनच देतात. त्या रक्तात अगदी कोवळ्या पेशी असतात. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं, पुढं काय व्हायचं ते.

"मग त्यांना कोण सांगतं?" मी विचारलं.

इथं तो खुलला. पोळी हातात तशीच राहिली. म्हणाला, "आजी, पेशीला कान नसतात. तिच्या अंगावर कड्या असतात, दाराला असतात तशा. एकेका निरोपाची एकेक कडी. निरोप आला की कडी वाजते. मग आतला पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप पार आतल्या खोलीपर्यंत जातो. तिथून हुकूम सुटतो, की आता हे बनवा, ते बंद करा."

हे मला लगेच कळलं. आम्ही आलमबागला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा सगळ्या लायनीत एकाच साहेबांकडे फोन होता. गावाकडून फोन आला की साहेबीणबाई खिडकीतून पहिल्या घरी सांगायच्या, पहिलं घर दुसऱ्याला, आणि निरोप शेवटच्या क्वार्टरला आमच्याकडे यायचा. हे, म्हणजे अंतराचे आजोबा, पायात जे सापडेल ते घालून धावायचे. सिद्धेश म्हणाला, अगदी असंच. फक्त पेशीत कोणी मधेच निरोप बदलत नाही. मी म्हटलं, मग आमच्या लायनीपेक्षा बऱ्या.

तर ह्या कोवळ्या पेशींना आधी एक निरोप द्यायचा, की वाढा. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांत मोठा मान पंधरा नंबरच्या निरोपाचा. त्याचं इंग्रजी नाव हिला विचारा, मी आपली पंधरा नंबरच म्हणते. त्याच्याशिवाय एनके होतच नाही. आणि शरीरात तो नुसता पाण्यात सोडलेला नसतो. शेजारची पेशी तो आपल्या हातावर धरून पुढं करते, लहान मुलाला घास भरवतात तसा. म्हणून भांड्यात आधी खाली दुसऱ्या पेशींचा बिछाना घालतात आणि वर ह्यांना ठेवतात. बिछान्यातल्या पेशींनी ह्यांना अंगाला लावून घ्यायचं, निरोप द्यायचे, आणि मग एनकेच्या अंगावर शेवटी हात फुटतात. हात म्हणजे असंच आपलं, ओळख पटवणारे. समोरचा आपला की बिघडलेला हे त्यानं चाचपायचं. हात फुटले की पेशी जाणती झाली.

"बिछाना कशाचा घालतोस?" पुढं गणपतीत एकदा जेवताना मी विचारलं.

"उंदराच्या पेशींचा."

मी म्हटलं, "हळू बोल रे, गणपती बसलेत घरात."

चार घास खाऊन मी पुन्हा विचारलं, "आणि हात नाही फुटले तर? मग दिसेल त्याला मारत सुटतात?"

"उलट, आजी. मग कोणालाच मारत नाहीत. आपलं कोण हे ज्यांना कधी कळलंच नाही, त्या गप्प बसून राहतात. समोर कॅन्सरची पेशी आणून ठेवली तरी."

मला ते फार वेगळं वाटलं. त्या रात्री पडल्या पडल्या मी त्याचाच विचार करत होते.

आणि नेमकं तेच झालेलं होतं, बघा. सिद्धेशच्या पेशी एनके व्हायच्या, दिसायला गोल गरगरीत, पण हात काही फुटत नव्हते. पुन्हा पुन्हा लावल्या. नाळ बदलली, निरोपाचं माप बदललं, पंधरा नंबर वाढवला, कमी केला. जाणती पेशी नावाला एखादी. त्याच्या मॅडम, देवयानी मॅडम, आपल्या मराठीच आहेत, गुढीपाडव्याला मंडळात येतात. बाई भली, पण सरळ बोलणारी. त्यांनी सांगितलं, दिवाळीच्या आधी काम तपासायला संस्थेची कमिटी बसणार आहे. तोपर्यंत पेशी जाणत्या झाल्याचं दाखवता आलं नाही तर हा विषय बंद करावा लागेल, आणि तुझं पुढचं काय ते मला सांगता येणार नाही.

तिकडं सांगलीला गोपीनाथराव वाटच बघत होते. त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची मुलासाठी म्हणून रिकामीच ठेवलीय, स्वतः स्टुलावर बसतात. फोनवर म्हणाले, "झालं ना शिकून? नाही जमत तर ये परत. दुकान काय कुठं जात नाही." वाईट नाही बोलले, प्रेमानंच बोलले. पण फोन ठेवल्यावर मुलाचा चेहरा असा झाला, की मी विचारलं, "तुला दुकान आवडत नाही का?"

"आवडतं, आजी. पण तिथं मला सगळं येतं. इथं मला काहीच येत नाही, आणि मला इथंच राहायचंय."

त्या दिवसांत जिन्यावर चपला कशाही पडलेल्या असायच्या. मला ते बघवेना. मीच एकदा लावल्या, तर मला त्याच्यासारख्या काही जमल्या नाहीत.

गणपती गेले आणि आमच्या गल्लीत तापाची साथ आली. सिद्धेश पडला. अंगात फणफणून ताप, हातपाय ठणकतायत, उभं राहिलं की झोक जातो. आणि तोंडात एकच, "माझ्या पेशींना खायला घालायचंय." मी म्हटलं, तू आधी पेज खा. त्यानं चेतनाला फोन लावला.

ही चेतना कोण ते सांगते. त्याच्याच लॅबमधली मुलगी. गोमती नगरला आईवडलांकडे राहते. वडील रेल्वेत अधिकारी, मूळचे आपल्या नाशिककडचे, पण ही जन्मली वाढली इथंच, त्यामुळे मराठी समजतं आणि बोलते हिंदी. आणि सिद्धेशच्या अगदी उलट. ओढणी एकीकडे, पर्स एकीकडे. आमच्याकडे येते तेव्हा तिची एक चप्पल जिन्यावर असते आणि एक दारात. सिद्धेश तिला मागे म्हणाला होता, तुझं टेबल बघून मला चक्कर येते. ती म्हणाली होती, "तो मत देखो ना यार. अपना देखो."

तर फोनवर हा कण्हत कण्हत सांगतोय, "जुनं सूप अर्धं काढ, नवं अर्धं घाल. आणि मग पेशी अलगद उचलून नव्या स्वच्छ ताटलीत ठेव. बिछाना आता जुना झालाय, कचरा दिसतोय त्यात. ते विसरू नकोस." सूप म्हणजे ते गुलाबी पाणी असतं, त्यांचं खाणं.

तिकडून चेतना म्हणतेय, "हाँ हाँ, हो जाएगा. तुम सो जाओ."

ताप उतरायला वेळ लागला. मग अशक्तपणा. तोवर चेतनाच सांभाळत होती. मधून मधून ई-रिक्शातून येऊन ह्याला नारळपाणी देऊन जायची, माझ्याकडचे दडपे पोहे खायची, आणि "तुम्हारे बच्चे ठीक हैं" एवढंच सांगायची.

मग एक दिवस सिद्धेश उठून लॅबला गेला, आणि दुपारीच परत आला. तोंड लाल. मागोमाग चेतना. माझ्याच स्वयंपाकघरात दोघं भांडायला लागले. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

"तिनं उचलल्याच नाहीत, आजी. इतके दिवस त्याच घाणेरड्या बिछान्यावर ठेवल्यात."

"आजी, मेरे अपने सेल्स थे, ऊपर से मौसी की लड़की की कोर्ट मैरिज थी. मैंने खाना दिया ना? आधा निकाला, आधा डाला. मरे तो नहीं."

"ताटली बघितलीस का? सगळा कचरा. ही पण फेकायची आता."

"फेंक दो. पर फेंकने से पहले मशीन में तो चला लो. इतने दिन खिलाया है मैंने, रिज़ल्ट तो बनता है मेरा."

त्याचं मन नव्हतं. मीच म्हटलं, "अरे, मुलीनं एवढं केलंय तर बघ की एकदा. टाकायचं तर आहेच." मला काही शास्त्र कळत होतं म्हणून नाही. भांडण मिटावं म्हणून.

ते मशीन कसं असतं, तर एकेक पेशी रांगेनं उजेडासमोरून जाते आणि तिच्या अंगावर काय काय आहे ते रंगांवरून कळतं. संध्याकाळी मी दिवा लावत होते तेवढ्यात अंतराच्या फोनवर सिद्धेशचा व्हिडिओ कॉल. चेहरा दिसेना, नुसतं छत दिसत होतं.

"आजी, हात फुटलेत."

"कुणाला?"

"माझ्या पेशींना."

मागून चेतनाचा आवाज, "मेरी पेशींना." ती अर्धी का होईना मराठी बोलली एवढं मला तेव्हा कळलं, बाकी कळायला त्यानं घरी येऊन जेवायला बसावं लागलं.

झालं होतं असं. बिछान्यावर राहिलेल्या पेशींपैकी पुष्कळ जाणत्या झाल्या होत्या. म्हणजे आजवर प्रत्येक वेळी घात केला होता तो ह्याच्या स्वच्छतेनं. सुरुवातीला बिछाना लागतो हे त्याला माहीत होतं, वाचलेलंही होतं. पण त्याला वाटलं, एकदा निरोप पोचला की काम झालं. मग त्या मळलेल्या बिछान्यावर कशाला ठेवायचं पोरांना? म्हणून तो दर वेळी मधेच त्यांना उचलून चकचकीत ताटलीत नेऊन ठेवायचा. आणि तिथं अंगाला लागायला कोणी नाही, हातावर घास धरणारं कोणी नाही. सूप होतं, पंधरा नंबर होता, पण पाण्यात सोडलेला. शेवटचे निरोप अंगाला अंग लागल्याशिवाय पोचतच नाहीत म्हणे. आणि एकदा सांगून भागत नाही, सांगत राहावं लागतं.

"मीच त्यांना दर वेळी घराबाहेर काढत होतो, आजी," असं म्हणाला आणि आमटीत भात कालवत बसला. मला वाटलं आता रडतो. पण हसायला लागला. मग मीही हसले, आणि ही अंतरा पण हसली, तिला अर्धंच कळलं होतं तरी.

"पूरा समझा था, आजी."

बरं, पूर्ण कळलं होतं. तसंच लिही.

पण एकदा झालं म्हणजे खरं नव्हे. मॅडमना जाऊन त्यानं सगळं सांगितलं, आपली चूक धरून. मॅडम म्हणाल्या, "सिद्धेश, बिछान्यावरचा पेपर मी तुला पहिल्याच वर्षी वाचायला दिला होता."

"वाचला होता, मॅडम."

"वाचला होतास, आणि मग झाडून काढलास."

त्यांनी सांगितलं, आता मुद्दाम करून दाखव. एकाच नाळेच्या पेशी, अर्ध्या उचलायच्या, अर्ध्या राहू द्यायच्या, बाकी सगळं सारखं. तेव्हाच कमिटी मानेल.

ते दिवस त्याला फार जड गेले. उचलायच्या होत्या त्या उचलून झाल्या. पण राहू दिलेल्या ताटल्या रोज उघडून बघायचा, त्यात कचरा साचत चाललेला, आणि हात लावायचा नाही. चेतना म्हणायची, "हाथ पीछे. दोनों." घरी येऊन मग माझी कपाटं पुसायचा. मी पुसू दिली. माझे मसाल्याचे डबे त्या महिन्यात जेवढे चमकले तेवढे लग्नानंतर कधी चमकले नव्हते.

कमिटी बसली त्या दिवशी मी देवापुढं बसले नाही, खरं सांगते. करंज्या करायच्या होत्या. पण हात सारखा थांबत होता. ई-रिक्शा थांबल्याचा आवाज आला आणि जिन्यात पावलं वाजली. वर जाताना मधेच थांबली. बराच वेळ थांबली. मी दाराशी जाऊन बघितलं, तर हा वाकून आमच्या चपला लावत होता.

मी सारणाची वाटी पुढं केली.

तोंडात घास ठेवूनच सांगायला लागला. उचललेल्या पेशी गप्पच्या गप्प. बिछान्यावरच्या जाणत्या झाल्या. समोर कॅन्सरच्या पेशी ठेवल्या तर त्यांना धरून संपवलं, आणि चांगल्या पेशींना हात लावला नाही. एका म्हाताऱ्या साहेबांनी फार प्रश्न विचारले, उलटसुलट, घाम काढला. शेवटी म्हणाले, करा पुढं. विषय चालू राहिला. मुदत वाढवून मिळाली. आता पुढचं बघायचं, की उंदराऐवजी माणसाच्याच पेशींचा बिछाना घालता येईल का, कारण रोग्याला द्यायचं तर उंदीर चालणार नाही. म्हटलं, हे मी तुला गणपतीतच सांगितलं होतं.

चेतनाचं नाव ह्या संशोधनाच्या पेपरवर त्याच्या नावाच्या शेजारी येणार आहे. त्यावरून पण वाद झाला. ती म्हणते, "लिख दो, शादी में जाने के कारण." तो म्हणतो, असं लिहीत नाहीत. हल्ली ती आली की तिची दारातली चप्पल उचलून तो जिन्यावरच्या चपलेशेजारी ठेवतो, आणि ती मुद्दाम परत लांब ठेवते. मी बघते, बोलत नाही. अंतरा, हे लिहू नकोस.

"लिख दिया, आजी."

राहू दे मग.

फक्त एक राहिलंय. त्यानं त्याच दिवशी सांगलीला फोन केला. गोपीनाथराव सगळं ऐकून "बरं" म्हणाले आणि विचारलं, "मग कधी येतोस?" मुलगा सांगतो ते बापाला टाळाटाळ वाटते, परक्यानं सांगितलं की पटतं. माझं बोलणं तर फोनवर त्यांना अर्धं हिंदीच वाटतं. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कोणी सुट्टीत तिकडं जाणार असाल, तर सांगलीच्या बाजारपेठेत गोपीनाथरावांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान विचारा, कोणीही दाखवेल, सगळ्यांत चकचकीत तेच. एखादा तांब्या घ्या आणि त्यांना सांगा, की तुमच्या मुलाचं काम झालंय, मोठ्या लोकांनी बसून तपासलंय, आणि तो आता लखनौलाच राहणार आहे. जेवतो नीट. आजारी होता, आता बरा आहे. आणि तुम्ही खुशाल खुर्चीवर बसा, स्टुलावर बसून पाठ दुखवून घेऊ नका, असं निशातगंजच्या आजींनी सांगितलंय म्हणावं.